घाम येण्याआधीची मजुरी

दसरा झाला की येडशीचा चौक बदलतो. सोलापूर–धुळे महामार्ग आणि बार्शी–लातूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. वाशीकडून, भूमकडून, कळंबकडून, पार बीडकडून ट्रॅक्टर येऊ लागतात. ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या आणि ट्रॉल्यांत अख्खे संसार भरलेले असतात. पत्रे, बांबू, घागरी, ज्वारीची पोती, गोधड्या, एखादी शेळी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली लेकरे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटक, इथल्या उसाच्या फडांकडे ही वाट जाते. चौकात चहा घेता घेता आम्ही हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पाहून पाहून डोळे सरावले. बालाघाटाच्या डोंगरावर पाऊस उतरतो आणि ओसरतो, तसेच हेही, असे वाटू लागले होते.

आमच्या गल्लीतही असे एक घर आहे. दसऱ्यानंतर त्याच्या दाराला कडी लागते ती थेट उन्हाळा तोंडावर येईपर्यंत. मुलगा, सून आणि धाकटे लेकरू फडावर जातात. मागे राहतात म्हातारी आई आणि शाळेत जाणारी नात. त्या दोघी पुढची खोली बंद करून मागच्या पडवीत राहतात. दोनच माणसांना एवढ्या घराची झाडलोट कशाला, असे म्हातारी म्हणते. गल्लीत सगळे तिला खाला म्हणतात, आम्हीही.

एका वर्षी मुलगा निघण्याच्या आदल्या दिवशी खाला एक कागद घेऊन आमच्या दारी आल्या. उचलीचा कागद होता. मुकादमाने किती रक्कम दिली, ती कशी फेडायची, न फेडल्यास काय, असे त्यावर लिहिलेले. खाली मुलाचा अंगठा आणि दोन साक्षीदार. आम्ही कागद वाचून दाखवला. खालांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "पैसा तो खर्च बी हो गया बेटा. अब जानाच पडताय. जबान दी है ना. जबान तोडना गुना है, बोलो? तुम पढे-लिखे लोगां हो."

आम्ही मान हलवली. होय, दिलेला शब्द मोडणे गुन्हाच. खाला समाधानाने परत गेल्या. आमचे मात्र समाधान झाले नाही. आपण दिलेले उत्तर बरोबर होते, तरी त्यात काहीतरी खोटे होते, ही टोचणी राहिली. हा लेख त्या टोचणीचा आहे.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवावी, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. मशिदीत, वाजमध्ये, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून. या शिकवणीचा आपल्याला अभिमानही आहे. कामगारांच्या हक्कांविषयी बोलण्याची वेळ आली की आपण तिचा दाखला देतो आणि तो योग्यच असतो.

आता उचलीकडे पाहा. आषाढ-श्रावणात, शेतात काम नसते आणि घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम येतो. एका जोडीला, म्हणजे नवरा-बायकोला मिळून, तो एकरकमी पैसे मोजून देतो. आजकाल ही रक्कम लाखाच्या आगेमागे असते. या पैशातून मागचे देणे फिटते, बहिणीचे लग्न होते, दवाखान्याचे बिल जाते, छपरावर पत्रे चढतात. काम सुरू व्हायला अजून दोन-तीन महिने असतात. म्हणजे मजुरी घाम वाळण्याआधी मिळते इतकेच नव्हे, तर घाम येण्याआधीच मिळते. शिकवणीच्याही पुढे जाऊन पाळलेली शिकवण! मग तक्रार कसली?

तक्रार हिशेबात आहे. जानेवारी २०२४ च्या करारात ऊसतोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला साडेतीनशे रुपयांच्या वर गेला. आपण टनाला ३६५ रुपये धरू. एक जोडी पहाटेपासून राबून दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते, पाला काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. दोन टन धरले तर दिवसाचे ७३० रुपये होतात, माणशी ३६५. एक लाखाची उचल फेडायची तर २७४ टन ऊस तोडला पाहिजे. रोज दोन टनांप्रमाणे एकही दिवस न चुकता १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने. बहुतेक वर्षी अख्खा हंगामच तेवढा. त्यात आजारपण, पाऊस, कारखाना बंद पडणे, गाडी वेळेवर न येणे हे सगळे मजुराच्या खात्यात. शिवाय हंगामात जगण्यासाठी मुकादमाकडून आठवड्याची खर्ची घ्यावी लागते आणि तीही उचलीतच मिळवली जाते. वाढे विकून चार पैसे सुटतात, त्यावर मीठ-मिरची भागते. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा अनेकांच्या नावावर बाकी निघते. ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीची पहिली ओळ होते.

इथे ती शिकवण आणि ही रीत यांतला फरक दिसू लागतो. काम आधी आणि मजुरी नंतर, असे असते तेव्हा काम संपल्याच्या क्षणी मजूर हा देणेकरी नसतो, घेणेकरी असतो. मालक त्याचे देणे लागतो. घाम वाळण्याआधी दे, ही आज्ञा मालकाला आहे, कारण त्या क्षणी मालकाच्या मानेवर ओझे आहे. उचलीत हे नाते उलटे होते. ज्याने द्यायचे तो सावकार होतो आणि ज्याने घ्यायचे तो कर्जदार होतो. मजूर फडावर पाऊल ठेवतो तेव्हाच त्याची मान खाली असते. पैसे लवकर मिळाले म्हणून न्याय लवकर झाला, असे होत नाही. शिकवणीचा गाभा वेळेत नव्हता, मजुराची मान ताठ राहण्यात होता, असे आम्हाला वाटते.

ही गाठ काही आपल्याच मुलखात बांधली गेली असे नाही. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, तिच्या अगदी दाराशी, आयर्लंडमध्येही ती होती. तिथला भूमिहीन शेतमजूर जमीनदाराकडून किंवा मोठ्या कुळाकडून बटाटे लावण्यापुरता तुकडा घेई आणि त्याचा खंड बऱ्याचदा अंगमेहनतीने फेडी. खंड रोख द्यायचा तर रोख पैसा गावात नव्हता. मग वसंतात बटाटे लावून झाले की पुरुष समुद्र ओलांडून इंग्लंड-स्कॉटलंडात पिकाच्या कापणीला जात. १८४१ च्या शिरगणतीच्या उन्हाळ्यात असे सुमारे ५७ हजार आयरिश मजूर कापणीसाठी पार गेल्याची नोंद झाली. हातात विळा, जहाजाच्या उघड्या फळीवर जागा, मुक्काम शेतकऱ्याच्या गोठ्यात नाहीतर धान्याच्या कोठारात. मागे राहिलेली बायको जुने बटाटे संपले की झोपडीचे दार बंद करी आणि लेकरे घेऊन अनोळखी गावांतून भीक मागत फिरे, नवे बटाटे निघेपर्यंत. ओळखीच्या गावात लाज वाटे म्हणून अनोळखी गाव.

बंद दार. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हाला आमच्या गल्लीतले ते कडी लावलेले दार आठवले. खंड दिला म्हणून घर राहिले, आणि खंड देण्यासाठी घर बंद करावे लागले. इथे उचलीने छपरावर पत्रे चढले, आणि त्या पत्र्यांखाली राहायला सहा महिने माणूस नाही.

१८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सात-आठ वर्षांत त्या छोट्या देशात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली, तेवढीच किंवा अधिक देश सोडून गेली. काही इंग्लंडच्या खेड्यांत कायमची राहिली. तिथे त्यांच्याविषयी काय बोलले जाई? हे स्वस्तात राबतात आणि आमची मजुरी पाडतात. हे घाण राहतात. यांचा धर्म वेगळा आहे, हे आमचे नव्हेत. ते कॅथलिक होते आणि गाव प्रोटेस्टंट. हे शब्द ऐकायला आपल्या कानांना फार लांब जावे लागत नाही. याच दुष्काळात, १८४७ साली, उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी आयर्लंडसाठी एक हजार पौंड पाठवले. आपल्याकडे ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. सांगावीच, पण त्यातला एक बारकावा आपण विसरतो. मदत घेणारे मुसलमान नव्हते. ते भुकेले होते, एवढे पुरे झाले.

त्या काळच्या पुष्कळ जमीनदारांचे म्हणणे सरळ होते. करार खुशीने झाला आहे, कोणी कोणाच्या गळ्याला विळा लावला नव्हता. आज मुकादम हेच म्हणतो, कारखाना हेच म्हणतो आणि ऊस लावणारा शेतकरीही हेच म्हणतो. खालांचे म्हणणेही वेगळ्या शब्दांत हेच आहे. जबान दिली. मग प्रश्न उरतो तो असा की भुकेने दिलेली जबान ही जबान असते का?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर फार हळूहळू शिकले. व्हिक्टोरियाच्याच राज्यात, १८५९ साली, हिंदुस्थानात कामगाराच्या करारभंगाचा कायदा झाला. कारागिराने किंवा मजुराने आगाऊ रक्कम घेतली आणि काम केले नाही, तर मालकाने फिर्याद करावी. मॅजिस्ट्रेट पैसे परत करायला किंवा काम पुरे करायला सांगेल, आणि तेही झाले नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. दोन व्यापाऱ्यांत करार मोडला तर तो दिवाणी दावा, मजुराने मोडला तर गुन्हा. हा कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडले.

आमची येडशी त्या कायद्याच्या मुलखात नव्हती. बार्शी इंग्रजांची आणि येडशी निजामाची, मध्ये थोडके कोस. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आलेली ती छोटी गाडी १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत वाढली आणि वाटेत येडशीला एका सरकारातून दुसऱ्या सरकारात माणसे आणू-नेऊ लागली. पण इकडेही गाठ तीच होती. निजामाच्या राज्यात कर्जापोटी वर्षानुवर्षे, कधी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या गड्याला भगेला म्हणत. १९३० च्या दशकात निजाम सरकारला अशा करारांना आळा घालणारा कायदा करावा लागला. राजा मुसलमान होता म्हणून गड्याची मान मोकळी राहिली, असे झाले नाही, हेही आपण प्रामाणिकपणे लक्षात ठेवले पाहिजे.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने वेठबिगारीला बंदी केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द केली आणि अशा कर्जाची फेडच संपुष्टात आणली. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. सक्ती म्हणजे फक्त काठी नव्हे, भूक आणि गरिबी माणसाला जे पत्करायला लावतात तीही सक्तीच, आणि म्हणून किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही वेठबिगारीच, असा त्या निकालाचा आशय होता. म्हणजे ज्या करारावर समोरच्याचा अंगठा आहे तो खुशीचा करार, एवढे म्हणून आता सुटता येत नाही.

मग आम्ही खालांना जाऊन सांगावे का, की खाला, कायद्याने ही जबान पाळायची गरज नाही, मुलाला म्हणावे जाऊ नको? हे आम्ही करू शकलो नाही, आणि ते केवळ भीतीने नव्हे.

कारण दुसरी बाजूही खरी आहे. मुकादम हा पुष्कळदा आपल्याच गावचा, आपल्याच नात्यागोत्यातला असतो. कालपर्यंत तोही फडावर कोयता चालवत होता. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून त्यानेही पैसे उचललेले असतात. दोन-चार जोड्या उचल घेऊन दुसऱ्याच टोळीत निघून गेल्या की त्याची जमीन जाते. असे बुडालेले मुकादम सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. त्याच्या घरातही लेकरे आहेत. पैसे घेऊन पळणे ही गरिबाची हुशारी म्हणून कौतुकाने सांगण्याजोगी गोष्ट नाही. आणि उचल नसती तर श्रावणात त्या घरात चूल कशी पेटली असती, याचे उत्तर आम्हा लिहिणाऱ्यांपाशी नव्हते. बँक त्या दारात येत नाही. नातेवाइकांचे हात रिकामे. येतो तो मुकादमच.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की खालांपाशी इमान सोडून दुसरी मालमत्ता नाही. गल्लीत त्यांना उधार मिळते ते या इमानावर. त्या इमानाला मूर्खपणा म्हणण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

पण इथेच आम्हाला ती टोचणी कुठे होती ते सापडले. ही सारी रीत, कोट्यवधी टन उसाची, साखरेची, मळीची, गरिबाच्या इमानावर उभी आहे. कागदावर अंगठा असतो खरा, पण तो कागद घेऊन कोर्टात जाणे फारसे कोणाला परवडत नाही आणि जाऊन टिकेलच असेही नाही. हंगाम चालतो तो पुष्कळसा खालांसारख्या माणसांना जबान मोडणे गुन्हा वाटतो म्हणून. जो बेइमान आहे तो निसटतो. जो इमानदार आहे तो बाकी फिटेपर्यंत, आणि बाकी फिटत नाही तोवर वर्षानुवर्षे, जात राहतो. जेवढे इमान जास्त तेवढी दोरी घट्ट. इमान पाळणाऱ्याची चूक यात काहीच नाही. चूक आहे ती इमानाची दोरी वळणाऱ्यांची. आणि साखर खाणारे आपण सगळे त्या दोरीचे एकेक टोक हातात धरून उभे आहोत.

आता त्या कागदाकडे पुन्हा वळू. त्यावर अंगठा एकच होता, मुलाचा. उचल मात्र जोडीची होती. फडावर अर्ध्या माणसाला किंमत नाही. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. नवरा ऊस तोडतो, बायको पाला सोलते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते. पहाटे तिच्याआधी कोणी उठत नाही, कारण भाकरी तिनेच थापायची असते. आजारी पडून घरी राहिली तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यात झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा परवडत नाही, पाणी नाही, आडोसा नाही, दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी दवाखान्यात कोणीतरी सांगते की पिशवीच काढून टाका, म्हणजे कटकट नको. कुठे कोणी सक्ती केली? सही तर तिनेच केली असेल. पुन्हा तोच प्रश्न.

सुनेने जबान दिली नव्हती. तिला कोणी विचारले नव्हते. पैसे मोजले गेले ते नवऱ्याच्या हातावर आणि कुठे खर्च करायचे तेही त्यानेच ठरवले. धाकट्या लेकरानेही जबान दिली नव्हती. ते तीन वर्षांचे आहे आणि फडाच्या कडेला वाढ्यांच्या सावलीत झोपते. आजीपाशी राहिलेल्या नातीनेही दिली नव्हती, पण सहा महिने आईविना राहण्याची किंमत ती मोजते आहे. एकाने दिलेला शब्द चौघे फेडतात. आता सांगा, जबान तोडणे गुन्हा हे खरे, पण दुसऱ्याच्या जिवावर जबान देणे हे काय आहे?

आणि हा प्रश्न मुकादमाला विचारण्याआधी आपण आपल्या घरात विचारायला हवा. स्त्रीने जे कमावले ते तिचे, त्यावर नवऱ्याचा हक्क नाही आणि घर चालवण्याची जबाबदारी नवऱ्याची, हे आपण इतरांना मोठ्या तोंडाने सांगतो. शरियतने चौदाशे वर्षांपूर्वी स्त्रीला मालमत्तेचा हक्क दिला, असे आपल्या प्रत्येक सभेत कोणीतरी बोलतेच. मग त्या सुनेच्या रोजच्या ३६५ रुपयांपैकी तिच्या हातात किती पडले? तिचे नाव कुठल्या कागदावर आहे? भर मजलिसीत मंजूर झालेली मेहरही जिथे पदरात पडत नाही, तिथे उसाच्या मोळीचा हिशेब कोण देणार? कारखान्याचा अन्याय आपल्याला दिसतो, कारण तो लांब आहे. हा घरातला आहे.

आम्ही ऊस तोडत नाही. आमच्याकडे कोयता नाही, उचल नाही. पण ईदच्या सकाळी शीरखुर्म्यात पडणारी साखर कुठल्यातरी फडातून येते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. ती येडशीवरूनच पुढे गेली. कृष्णेचे पाणी टाक्यांत भरून इकडे येत होते आणि इकडची माणसे त्याच कृष्णाकाठचा ऊस तोडून नुकतीच परतत होती. इथे प्यायला नव्हते आणि तिथे उसाला होते. ज्यांच्या शिवारातली विहीर आटली त्यांनीच पाणी पिणारे ते पीक कापून द्यायचे. यात कोणा एकाचे पाप शोधून सापडत नाही. म्हणून तर कोणालाच आपले पाप वाटत नाही.

मग करायचे काय? क्रांतीच्या गोष्टी आम्ही खूप ऐकल्या आहेत आणि त्या ऐकत असताना तो ट्रॅक्टर चौकातून निघून गेला आहे. आम्ही आपल्यापुरते, आपल्या हाताला लागेल एवढे बोलतो.

जकात कोणाला द्यावी याचे आठ प्रकार कुरआनने सांगितले आहेत. त्यांत गरीब आणि गरजू आहेत, कर्जात बुडालेले आहेत, मान सोडवून घ्यायची आहे असे बांधलेले आहेत आणि वाटेवरचा मुसाफिर आहे. हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर ती ट्रॉली येते. त्या एका संसारात यांतले किती प्रकार एकत्र बसलेले आहेत! पण आपली जकात निघते रमजानमध्ये. गेली काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चकडे सरकला आहे आणि पुढची काही वर्षे तो गाळप हंगामातच येणार. म्हणजे आपण जकात वाटतो तेव्हा हे घर गावात नसते. दाराशी येऊन मागणाऱ्याला मिळते, पावती-पुस्तक घेऊन येणाऱ्याला मिळते. जो सांगलीच्या फडात उन्हात रोजा धरून, नाहीतर मनाला लावून घेत रोजा सोडून, मोळी उचलतो आहे तो आपल्या यादीत नसतो. पट्टा पडून तो परत येतो तेव्हा आपला हात रिकामा झालेला असतो.

त्यातले काही आषाढासाठी राखून ठेवता येणार नाही का? मुकादमाच्या आधी त्या दारात पोचता येणार नाही का? जकातीच्या वाटपाविषयी आलिमांचे वेगवेगळे विचार आहेत, ते त्यांना विचारून घ्यावेत. पण बिनव्याजी कर्जे-हस्नाला, सदक्याला तर कोणती आडकाठी नाही. दहा-वीस हजार वेळेवर मिळाले तर लाखाची उचल ऐंशीची होते. ऐंशीची झाली की शंभरेक दिवसांत फिटते आणि पुढच्या वर्षी तोच माणूस मुकादमासमोर बसून दर विचारू शकतो, नाही पटला तर नाही म्हणू शकतो. ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला जबान म्हणावे. आणि तो पैसा देताना अर्धा सुनेच्या हातावर, तिच्या नावाने मोजावा. असा हात पुढे करताना दार कोणाचे, हे विचारू नये. त्या ट्रॉलीतले बहुतेक लोक आपल्या धर्माचे नाहीत. ते आपल्या गावचे आहेत, शेजारी आहेत, आणि शेजारी उपाशी असताना आपण पोटभर जेवून झोपू नये हे सांगताना शेजाऱ्याचा धर्म कोणी विचारलेला नाही.

याने कारखान्याची रीत बदलणार नाही, हे आम्हाला कळते. त्यासाठी दराचा हिशेब लेखी हवा, पावती दोघांच्या नावाने हवी, फडावर पाणी, आडोसा आणि लेकरांना शाळा हवी, आणि १९७६ चा कायदा सरकारने वाचला पाहिजे. ते मागण्यासाठी भांडणाऱ्या संघटना आहेत, त्यांच्यासोबत उभे राहायला हवे. पण कायदा येईपर्यंत शेजारधर्म थांबवून ठेवायचा नसतो.

यंदा पट्टा पडल्यावर खालांचा मुलगा परत आला. खाला पुन्हा कागद घेऊन आल्या, मागच्याच वर्षीचा, पाठीवर पेनने केलेला हिशेब. किती फिटली, त्यांनी विचारले. आम्ही बेरीज करून सांगितले की थोडी राहिली आहे. "चलो, थोडीच है ना," त्या म्हणाल्या आणि कागद घडी करून पदराच्या टोकाला बांधला.

त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांना अजून नीट दिलेले नाही. दिले तर असे देऊ: खाला, जबान तोडणे गुन्हा आहे. तुमच्या घराने ती तोडलेली नाही, एकदाही नाही. पण घामाची किंमत ठरवणारे, त्या घामाची साखर खाणारे आणि घाम वाळण्याआधी मजुरी द्या असे लोकांना सांगत फिरणारे आम्ही, आमच्याही नावावर काही बाकी निघते. तिचा कागद अजून कोणी लिहिलेला नाही. दसऱ्याला अजून काही महिने आहेत.